आधी कान, मग पाटी: पहिलीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी ध्वनिजाणिवेचे खेळ

जूनमध्ये पहिलीचा वर्ग हाती आला की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मुळाक्षरं काढायला लागतात. दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त मुलं अक्षरं ओळखतात, बाराखडी घडाघडा म्हणतात. मग एखादं मूल पुस्तकातल्या 'बदक'वर बोट ठेवतं, ब... द... क असं म्हणतं आणि आपल्या तोंडाकडे बघत बसतं. तिन्ही अक्षरं बरोबर, पण शब्द काही जुळत नाही. अशा मुलाला आपण आणखी दोन पानं गिरवायला देतो. त्याला खरी गरज असते ती कानाच्या सरावाची.

अंगणवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताई, पहिलीचा वर्ग पहिल्यांदाच घेणारे शिक्षक आणि घरी पाच-सहा वर्षांचं मूल असलेले आईवडील यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं सातारा-सांगलीची आहेत, कारण शिकवतो इथेच. तुमच्या गावची नावं घालून घ्या.

बोललेल्या शब्दात आवाजाचे तुकडे असतात आणि ते सुटे करता येतात, जोडता येतात, बदलता येतात, हे कानाने उमगणं म्हणजे ध्वनिजाणीव. यात पाटी-पेन्सिल नाही, तक्ता नाही. डोळे मिटूनही जमायला हवं, हीच तिची ओळख. २०२१ साली लहान इयत्तांतल्या मुलांचं वाचन-लेखन आणि गणित पक्कं करणारं निपुण भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून हा शब्द प्रशिक्षणांत वारंवार ऐकू येतो. खेळ मात्र आपल्या अंगणातलेच आहेत.

मुलांचा कान मोठ्या तुकड्याकडून लहानाकडे जातो. आधी वाक्यातले शब्द, मग शब्दातले टाळीचे तुकडे (सा-ता-रा असे, एकेका टाळीला एक), आणि सगळ्यात शेवटी सुटा आवाज. १९७४ साली अमेरिकेत इसाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना शब्द ऐकवून टेबलावर ठोके द्यायला सांगितले. बालवाडीतल्या जवळपास निम्म्या मुलांना टाळीचे तुकडे मोजता आले, सुटे आवाज एकालाही मोजता आले नाहीत. पहिली संपत आलेल्या मुलांत हेच आकडे ९० आणि ७० टक्के होते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला 'माण'मधला 'म्' सुटा करता आला नाही तर काळजीचं काही कारण नाही. पण 'सातारा'च्या तीन टाळ्या वाजवायला हरकत नाही.

तयारी

रोज दहा मिनिटं पुरतात, परिपाठानंतर लगेच. मूठभर चिंचोके किंवा खडे जवळ असू द्या. मुलं अर्धगोलात बसलेली बरी, कारण त्यांना तुमचं तोंड दिसायला हवं. मोठ्या वर्गात आठ-दहाचे गट करा. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं की चार तल्लख मुलं बोलतात आणि बाकीची ओठ हलवतात, आणि आपल्याला वाटतं, वर्गाला जमलं.

पहिली पायरी: नुसतं ऐकणं, मग वाक्यातले शब्द

डोळे मिटून ऐका: एसटीचा हॉर्न, उसाच्या ट्रॅक्टरची धडधड, शेजारच्या वर्गातले पाढे. काय ऐकू आलं, कोणत्या क्रमाने आलं, ते सांगा. हा खेळ दोन-तीन दिवस पुरे. लांबवला तर मुलं कंटाळतात आणि वाचनाशी त्याचा धागाही पातळ आहे.

मग वाक्य. 'आजी भाकरी थापते.' शब्दागणिक एक चिंचोका. इथे मराठीची एक अडचण येते. 'झाडावर चिमणी बसली' या वाक्यात काही मुलं चार चिंचोके ठेवतात, कारण त्यांना 'झाडा' आणि 'वर' वेगळे वाटतात. वाद घालू नका, त्यांचं ऐकणं चुकीचं नाही. सुरुवातीला प्रत्यय नसलेली छोटी वाक्यं घ्या आणि पुढे चला.

दुसरी पायरी: टाळ्या

इथे मात्र रेंगाळा. दोन-तीन आठवडे द्या.

सगळ्यात चांगलं साहित्य म्हणजे गावांची नावं. एसटी स्टँडवर मुलांनी ती हाळी देताना ऐकलेली असतात. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके, सांगलीत दहा. तेवढ्या यादीत चार सोडून एका टाळीपासून पाच टाळ्यांपर्यंत सगळं मिळतं. माण आणि जत एका टाळीचे. वा-ई, क-राड, मि-रज, प-लूस, ख-टाव, फल-टण, तास-गाव दोन टाळ्यांचे. सा-ता-रा, को-रे-गाव, शि-रा-ळा, आट-पा-डी, क-डे-गाव तीन टाळ्यांचे. म-हा-ब-ळेश्-वर आणि कव-ठे-म-हां-काळ पाचाचे, ते सगळ्यांचे लाडके. मुलं पाच टाळ्यांसाठी उभी राहतात.

आता सांगली. टाळ्या किती? वर्गात विचारलं तर निम्मे तीन म्हणतील आणि निम्मे दोन. लिहिताना अक्षरं तीन आहेत, पण बोलताना आपण सांग-ली म्हणतो. 'ग'मधला 'अ' बोलण्यात गळतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' बहुधा उच्चारला जात नाही आणि मधलाही पुष्कळदा गळतो. म्हणून 'फलटण' चार अक्षरांचं पण दोन टाळ्यांचं, 'कमळ' तीन अक्षरांचं पण दोनच टाळ्यांचं. या पायरीवर नियम एकच: कानाला येईल तेवढं मोजायचं. अक्षरं शिकलेल्या मुलांना हे जड जातं, कारण ती मनातल्या मनात लिहून मोजतात. मोठ्यांचंही तसंच होतं. मुलांसमोर बसण्याआधी शब्द स्वतःशी नेहमीच्या वेगाने म्हणून बघा.

हनुवटीखाली उपडा तळहात धरायचा आणि शब्द म्हणायचा, ही युक्ती सगळीकडे चालते. प्रत्येक तुकड्याला हनुवटी खाली येते. एका मुलीने 'फलटण'साठी चार चिंचोके मांडले. हनुवटीखाली हात ठेवून ती दोनदा म्हणाली, फलटण, फलटण. मग कुणी काही न सांगता दोन चिंचोके परत मुठीत घेतले आणि "बाई, दोनच हायती की," असं शेजारच्या वर्गावरच्या बाईंना जाऊन सांगून आली. फक्त 'ई' आणि 'ऊ' असलेल्या तुकड्यांना हनुवटी फारशी हलत नाही. 'वाई'तला दुसरा तुकडा हाताला कळतच नाही. तिथे टाळीच खरी.

मोजणं जमलं की उलटं करा. तुम्ही तुकडे सुटे म्हणा, मुलांनी जोडायचे: "बे... दा... णे, काय?" "बेदाणे!" ह... ळद. भ... डंग. पहिल्यांदा दोन तुकडे, मधे छोटा थांबा. मग थांबा वाढवत न्या. ब-द-कवर अडकणाऱ्या मुलाला नेमकं हेच जोडणं जमत नसतं. म्हणून मोजण्याच्या दुप्पट वेळ जोडण्याला द्या. त्यानंतर गाळणं: "कोरेगावमधला 'को' काढला, काय उरलं?" "रेगाव!" यावर हशा पिकतो. पिकू द्या.

तिसरी पायरी: यमक

डाळ, माळ, गाळ, वाट. यातला कोण पाहुणा? भाजी, आजी, राजी, आणखी कोण? अर्थ नसलेला शब्दही चालतो, 'टाजी' म्हणणाऱ्याचं कौतुकच करा, त्याचा कान नेमका तिथे लागला आहे. बडबडगीत म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा, मुलं पुरा करतील. एवढं पुरे. इंग्रजी शिकवण्याच्या साहित्यात यमकावर फार भर असतो, कारण तिथे शब्दाचं स्पेलिंग बरंचसं शेवटच्या तुकड्यावर चालतं. आपली लिपी अक्षराक्षराने चालते, म्हणून मी यमकाला आठवडाभरच देतो.

चौथी पायरी: पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर

मुलाच्या नावापासून सुरुवात करा. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर ज्याला ऐकू येत नाही असं मूल क्वचितच. "ज्यांचं नाव 'सा'ने सुरू होतं ते पाणी प्यायला जा." दिवसातून दहा वेळा रांगा लावतोच आपण, त्यातच हा खेळ बसतो.

मग 'बि'चा खेळ. घरात मुलं चहाबिहा, पाणीबिणी, भाकरीबिकरी ऐकतच असतात. तुम्ही म्हणा 'दप्तर', त्यांनी म्हणायचं 'दप्तरबिप्तर'. शाळाबिळा, वहीबिही, मिरजबिरज. पहिलं अक्षर काढून तिथे दुसरं बसवणं ही अवघड गोष्ट मुलं न शिकवता करतात. आपण ती करतोय हे त्यांना दाखवून द्या: "शाळामधलं काय गेलं? त्याच्या जागी काय आलं?" यात 'शा' गेला, 'बि' आला, हे मूल बोलून दाखवतं तेव्हा पायरी पुरी झाली.

शेवटच्या अक्षरासाठी गावांच्या भेंड्या खेळा. कराड, 'ड'वरून डफळापूर, 'र'वरून रहिमतपूर. तोंडी खेळ, फळा नाही.

इथे एक खाचखळगा आहे. 'च'ने सुरू होणारे शब्द मागितले की मुलं चाक, चूल, चमचा म्हणतात, तर दुसरं कुणी चार, चिमणी, चेंडू म्हणतं. लिहायला अक्षर एकच, आवाज दोन. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा, जीभ वेगळ्या ठिकाणी लागते. 'चिंच'मध्ये तर दोन्ही आहेत, सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा. कान तल्लख असलेलं मूल 'चाक' आणि 'चेंडू' वेगळे आहेत असं म्हणेल. त्याला चूक म्हणू नका. कानाच्या खेळात एका वेळी एकाच गटाचे शब्द घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही. 'ज' आणि 'झ'चंही तसंच.

घरच्या बोलीबद्दलही इथेच सांगतो. आपल्याकडे कितीतरी मुलं पाण्याला पानी म्हणतात, शाळेला साळा. 'साळा' म्हणणाऱ्या मुलाने पहिलं अक्षर 'सा' सांगितलं तर त्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. त्याने स्वतःचा शब्द नीट ऐकला. प्रमाण उच्चार हवा असेल तर तो वेगळ्या वेळी, गोष्ट सांगताना कानावर घाला. खेळात मधेच दुरुस्ती केली की मूल स्वतःच्या कानावर विसंबणं सोडतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं द्यायला लागतं.

जत भागात घरी कन्नड बोलणारी बरीच मुलं असतात. कन्नडमध्ये बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर असतो, बसला 'बस्सु' म्हणतात. असं मूल 'बस'ला दोन टाळ्या वाजवेल. तुम्ही 'बस' म्हणून दाखवा, शेवटचा आवाज कुठे थांबतो ते ऐकवा, आणि कन्नड शब्दांवरही खेळ घ्या. कान एका भाषेत तयार झाला की दुसरीत कामाला येतो. गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबांची मुलं चार-पाच महिने येतात. त्यांना पहिल्या पायरीपासून न नेता थेट टाळ्यांवर आणा आणि त्यांच्या गावांची नावं खेळात घ्या.

पाचवी पायरी: अक्षराच्या आतला आवाज

खरं अवघड काम इथून पुढे. पुष्कळ वर्ग इथवर येतच नाहीत. आपली बहुतेक अक्षरं म्हणजे व्यंजन आणि स्वर यांची जोडी: 'सा'मध्ये 'स्' आणि 'आ', नुसत्या 'क'मध्येसुद्धा 'क्' आणि 'अ'. लिपीत ते एकत्र दिसतात म्हणून कानालाही एकच वाटतात. सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड शाळांतल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हेच दिसलं: टाळीचे तुकडे लवकर जमतात, सुटे आवाज बऱ्याच उशिरा, आणि अक्षरांची पुरती ओळख व्हायला पुढच्या इयत्ता उजाडतात. आपली लिपीही त्याच जातीची. तेव्हा ही पायरी पहिलीच्या दुसऱ्या सत्रात सुरू करा आणि दुसरीपर्यंत चालू ठेवा.

सुटं व्यंजन मुलाला कसं ऐकवायचं? 'क्' म्हणायला गेलो की आपल्या तोंडून 'क' निघतो. माझा उपाय असा: शब्दाच्या सुरुवातीला न जाता शेवटाला जा. मराठीत शेवटचा 'अ' गळतो, म्हणजे मूल रोज सुटं व्यंजन म्हणतच असतं. 'ऊस' म्हणा आणि शेवट लांबवा: ऊस्स्स्स. तो सापासारखा आवाज, तोच 'स्'. मग तोच आवाज 'आ'कडे न्या: स्स्स्स-आ, सा. स्स्स्स-ई, सी. मुलांना हवेत हात सरकवत म्हणू द्या. लांबवता येणारी व्यंजनं आधी घ्या: स, श, म, न, ल, र. क, ट, प यांना श्वास अडतो, ती नंतर.

आता बाराखडी. ती सहसा एका व्यंजनाची म्हणतात: क, का, कि, की. यात व्यंजन तेच राहतं आणि स्वर बदलतो. तिचा दुसरा प्रकारही रोज घ्या: का, मा, सा, ला, ना. यात स्वर तोच राहतो. दोन्हीकडून म्हटलं की मुलाला कळतं, बदलणारी वस्तू कुठली आणि टिकणारी कुठली. नंतर विचारा: "मा, सा, ला, शेवटी काय ऐकू येतं?" आणि "सा, सी, सू, आधी काय ऐकू येतं?" पहिला प्रश्न सोपा असतो, स्वर लवकर पकडता येतो. नुसती घोकलेली बाराखडी हे शिकवत नाही. तिथे चाल पाठ होते.

मोजण्यासाठी पाटीवर तीन चौकटी आखा. रशियातले मानसशास्त्रज्ञ दानिईल एल्कोनिन यांची ही पद्धत जगभर वापरतात. शब्द हळू म्हणायचा आणि प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा. 'आई' दोन. 'ऊस' दोन. 'माण' तीन: म्, आ, ण्. 'वाई' तीन. टाळ्या आणि आवाज यांत मुलांची गल्लत होईल, 'माण'ची टाळी एक पण चिंचोके तीन. म्हणून दोन्ही खेळ एकाच दिवशी घेऊ नका. जोडाक्षरं, अनुस्वार आणि रफाराचे शब्द इथे टाळा. ह्रस्व-दीर्घही कानाने ओळखायला लावू नका. मराठी बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांचा फरक बहुधा शब्दातल्या जागेवर ठरतो, तो शुद्धलेखनाचा विषय आहे.

दुसरी-तिसरीच्या मुलांना 'च'ची भाषा द्या. तिचे प्रकार गावोगावी वेगळे असतात. एका प्रकारात शब्दाचं पहिलं व्यंजन काढून तिथे 'च' घालतात आणि काढलेलं शेवटी लावतात: पाणी म्हणजे चाणीप, शाळा म्हणजे चाळाश, भाकरी म्हणजे चाकरीभ. यात स्वर जागेवर राहतो आणि फक्त व्यंजन निघतं, म्हणजे पाचव्या पायरीचा सगळ्यात अवघड धडा मुलं मधल्या सुट्टीत हौसेने करतात. कोणते शब्द द्यायचे ते आधी स्वतः फिरवून बघा. काही शब्दांचं भलतंच निघतं.

अक्षरं कधी आणायची

ध्वनिजाणीव संपवून मग अक्षरं, असं करू नका. चौथी पायरी सुरू झाली की अक्षरं आणा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनलने २००० साली ५२ अभ्यास एकत्र तपासले. अक्षरांच्या जोडीने केलेला आवाजांचा सराव जास्त फळतो, एका वेळी एक-दोनच कौशल्यं घ्यावीत, आणि एकूण ५ ते १८ तासांचा सराव सर्वांत उपयोगी ठरतो, असं त्यातून दिसलं. अभ्यास मुख्यतः इंग्रजीवरचे आहेत, त्यामुळे तासांचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. रोज दहा मिनिटांचा हिशेब त्याच्या आसपास बसतो, एवढंच.

'क'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमाने जायची गरज नाही. म, स, ल, न, त, र आणि सोबत काना. एवढ्यावर मामा, लाल, नाला, तारा, सारा, माल तयार होतात. मूल आवाज जोडायला शिकतं त्याच आठवड्यात खरा शब्द वाचतं. पहिली वेलांटी उशिरा आणा. ती लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि बोलताना नंतर, नुकता कान लागलेल्या मुलाला हे उलटं पडतं.

कुणाला जमलंय ते कसं बघायचं

महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला दोन मिनिटं जवळ बसवा. लेखी काही नाही. तीन शब्दांच्या टाळ्या, तीन शब्द जोडणं (सुटे तुकडे तुम्ही म्हणायचे), तीन शब्दांचं पहिलं अक्षर. वर्गात न घेतलेले शब्द निवडा, नाहीतर पाठांतर तपासाल. वहीत तारीख आणि जमलेले-अडलेले शब्द लिहा. शेरा नको. पहिलीच्या दिवाळीनंतरही दोन तुकडे जोडता येत नसतील तर त्या मुलाला तीन-चार जणांच्या गटात रोज पाच मिनिटं जास्त द्या, फक्त जोडण्याची.

तरीही फरक पडला नाही, किंवा मूल सारखं "काय?" विचारतं, नेहमी एकच कान पुढे करतं, सर्दीने कान वाहतो, तर आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची नावं पथक येण्याआधीच काढून ठेवा आणि डॉक्टरांना स्वतः सांगा. पथकाची वाट बघण्यात महिने जाणार असतील तर पालकांना थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. तोवर त्या मुलाला पुढच्या रांगेत, तुमच्या तोंडासमोर बसवा.